उठायचं कशासाठी?

“मॅडम, सकाळी उठायचं कशासाठी, तेवढं सांगा.” माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या, एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरांचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलं मार्गी लागलेली, पैशाची ओढाताण नाही. घरच्यांचा धोशा एकच: मन रमवा. मन रमत नाही हीच तर तक्रार, त्यावर हा सल्ला काय कामाचा!

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, तर आधी डिप्रेशनचा विचार करावा लागतो. त्यांना थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगितलं, कारण त्यातल्या बिघाडानेही माणूस असाच गळून जातो. जीव द्यावासा वाटतो का, हेही स्पष्ट विचारलं. विचारल्याने तसले विचार डोक्यात शिरतात, हा गैरसमज आहे. उत्तर ‘नाही’ आलं. ‘हो’ आलं असतं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आयुष्याच्या अर्थावर चर्चा मुद्दाम टाळली. अंथरुणात पडल्या पडल्या शोधलं की उत्तर ‘काही अर्थ नाही’ असंच निघतं. त्याऐवजी वही दिली. दर तासाला एक ओळ: काय केलं, मजा किती आली, काहीतरी जमल्याचं समाधान किती. दोन्हींना १० पैकी गुण. जन्मभर वेबिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) भरलेला माणूस, नोंदी चोख आल्या. दुपारी दोन ते पाच आडवं पडून मोबाइल: ० आणि ०. शेजारच्या पोराच्या सायकलची उतरलेली चेन बसवली: मजा २, समाधान ५. हे त्यांनी तोंडी सांगितलंच नव्हतं, वहीत सापडलं.

मग त्याच दुपारचा अर्धा तास सायकलींना. वार आणि वेळ आधी लिहायची, मजा किती येईल याचा अंदाजही आधीच लिहायचा. अंदाज १, प्रत्यक्षात ३, असं बहुतेक वेळा झालं. उदास मन पुढचं नेहमी कमीच धरतं, हे त्यांना स्वतःच्या अक्षरात दिसलं.

घोळ झाला तो चालण्यात. उत्साहाने त्यांनी रोज पाच किलोमीटर ठरवलं, तिसऱ्या दिवशी बंद, वर “माझ्याच्यानं काही होत नाही” याला पुरावा मिळाला. मग कमी केलं: सकाळी आठला, चपला घालून कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत, १० मिनिटं, वाटो न वाटो. दुसरी चूक नोकरीतल्या दिवसांशी तुलना करण्याची. तसं केलं तर ३ म्हणजे नापासच. गेल्या आठवड्याच्या ० शी ताडून पाहा. समाधान आधी वाढतं, मजा मागून येते, कधी बरीच मागून.

सहाव्या आठवड्यात मजेचे आकडे ४-५ वर होते. मूळ प्रश्न सुटलेला नाही, रविवारी संध्याकाळी तो हमखास डोकं वर काढतो. तेव्हा बाकी सगळं सोडून दोनच गोष्टी करायच्या, टपरीपर्यंत चालणं आणि एक सायकल. पुढच्या दोन आठवड्यांत गुण आणखी चढले नाहीत तर औषधाबद्दल मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायचं, असं ठरलं आहे.