तूप सोडलं, तरी कोलेस्टेरॉल वाढलंच

"मॅडम, वर्षभर तुपाचा थेंब नाही. तरी घरचे म्हणतात, चोरून खात असशील."

ताईंचं वय ४९. दोन वर्षांपूर्वीचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८, आताचं १४६. त्या आकड्याखाली नवऱ्याने लाल पेनाने दोनदा रेघ ओढलेली. तो शेजारीच बसला होता, स्वतःचा नॉर्मल रिपोर्ट घेऊन. एकाच कुकरमधलं जेवण, मग हिचंच कसं वाढलं?

"पाळी कधी गेली तुमची?" मी विचारलं.

ताईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. "दीड वर्ष झालं. पण त्याचा इथे काय संबंध?"

आहे ना. रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढायला यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन त्यांची संख्या वाढवतं. पाळी जाताना ते ओसरलं की रिसेप्टर घटतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरात ही वाढ सगळ्यात ठळक दिसते. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली असतील, तर इस्ट्रोजेन एकदमच जातं. "पिशवी काढली" एवढंच बायका सांगतात. अंडाशयं ठेवली की काढली, हे कित्येकींना कुणी सांगितलेलंच नसतं. याची मला दर वेळी चीड येते.

पण सगळं पाळीवर ढकलूनही चालत नाही. थायरॉइड मंदावलं तरी एलडीएल चढतं, आणि या वयात ते बऱ्याच जणींचं मंदावतं. म्हणून डॉक्टरांकडून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या म्हटलं. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, लागेल का, तेही बीपी, साखर, घरातला हृदयविकार असं सगळं बघून तेच ठरवतील.

"मग हार्मोनच्या गोळ्या घेऊ?"

त्यांनी एलडीएल उतरतं, हे खरं. पण तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनने ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, वाढू शकतात. शिवाय अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या बायकांच्या हृदयाला संरक्षण मिळालंच नाही. २००२ साली तो भाग मुदतीआधीच थांबवला. अंगातून गरम वाफा येऊन रात्रीची झोप उडत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी जरूर बोला. नुसत्या कोलेस्टेरॉलसाठी या गोळ्या नकोत.

मग दिवसभराचं खाणं विचारलं. भाकरी, उसळ, ताक. छान. चार वाजता चहा.

"चहाबरोबर?"

"खारी. ते काय खाणं झालं का?"

खारीचे पदर बहुतेक वेळा वनस्पती तुपाने सुटतात, हे सांगितल्यावर ताई गप्प झाल्या. नवरा फाइल आवरता आवरता म्हणाला, "म्हणजे तू चोरून खात नव्हतीस."

"खारी तर तुम्हीच आणता," ताई म्हणाल्या.