विचारा की! : मडफ्लॅप लावा, पण ड्रिल लांब ठेवा

प्रश्न : नेक्सॉन ईव्ही घेऊन आठ महिने झाले. घर वारज्याला, सासुरवाडी मुळशीच्या पुढे ताम्हिणीकडे, त्यामुळे पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एक चक्कर ठरलेली. परत आलो की दाराखालची अख्खी पट्टी चिखलाने माखलेली असते, आणि आता तर मागच्या चाकाच्या पुढे रंगावर खडीचे बारीक टिपके दिसायला लागलेत. मडफ्लॅप बसवायला नाना पेठेत गेलो तर एक जण म्हणाला ‘ईव्हीला आपण हात लावत नाही’, आणि शेजारचा म्हणाला ‘आणा इकडे, दहा मिनिटांत होल मारून देतो’. कोणाचं ऐकू? बॅटरीला काही होईल का, वॉरंटी जाईल का? (एक वाचक, वारजे)

उत्तर : दोघांचंही ऐकू नका. पहिला उगाच घाबरलाय आणि दुसरा जितकं घाबरायला हवं तितकंही घाबरत नाहीये. मडफ्लॅप हे प्लॅस्टिकचे नाहीतर रबराचे चार तुकडे, त्यांचा विजेशी काडीचा संबंध नाही, पेट्रोल गाडीला लावतात तसेच ईव्हीला लागतात. फरक फक्त एवढाच की ईव्हीत बॅटरी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, फ्लोअरखाली, जेवायला मांडलेल्या पाटासारखी पसरलेली असते. म्हणजे पुढच्या चाकामागे जिथे फ्लॅप बसतो तिथून आत वाकडंतिकडं ड्रिल घालणं म्हणजे कोणाच्या तरी घराच्या भिंतीत वायर कुठून गेलीय ते न बघता खिळा ठोकण्यासारखं आहे. नारिंगी रंगाच्या केबल दिसल्या तर त्या हाय व्होल्टेजच्या, ३०० व्होल्टच्या वरच्या, त्यांच्या आसपास हातच नको. आणि दिसल्या नाहीत म्हणून तिथे काही नाही असंही समजू नका, चाकाच्या कमानीतल्या प्लॅस्टिकच्या अस्तरामागे, म्हणजे लायनरच्या मागे, काय आहे ते बाहेरून कळत नाही.

कोणीतरी म्हणेल, अहो बॅटरी आयपी६७ आहे, पाण्यात बुडाली तरी काही होत नाही. खरंय, ते रेटिंग १ मीटर पाण्यात ३० मिनिटांचं असतं आणि धूळ तर आत जातच नाही. पण ते डबा धड असेल तर. भोक पडलेल्या डब्याला कसलं रेटिंग.

आता चांगली बातमी. तुम्हाला होल मारायची बहुतेक गरजच नाही. चाकाच्या वरच्या कमानीत जो काळा प्लॅस्टिकचा लायनर असतो तो आधीच स्क्रू आणि क्लिपांनी धरलेला असतो, आणि मॉडेलप्रमाणे बनवलेला फ्लॅप त्याच स्क्रूच्या जागी बसतो. कंपनीच्या अॅक्सेसरीजमधे मिळतो तो असाच असतो. बाहेरचा घ्यायचा असेल तरी ‘युनिव्हर्सल’ नावाचा घेऊ नका, युनिव्हर्सल म्हणजे कुठेच नीट न बसणारा आणि म्हणूनच होल मारायला लावणारा. आणखी एक, सप्टेंबर २०२३ मधे नेक्सॉनचा चेहरामोहरा बदलला, तुमची त्यानंतरची. दुकानात नुसतं ‘नेक्सॉनचे द्या’ म्हणालात तर जुन्या गाडीचा सेट हातात पडेल, घरी येऊन लावायला घेतला की बोटभर फट दिसेल आणि मग तोच दुकानदार म्हणणार ‘आणा, होल मारून देतो’. तेव्हा वर्ष सांगा, ईव्ही आहे हे सांगा, आणि पैसे द्यायच्या आधी गाडीला टेकवून बघा.

लावायला जॅक लागत नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतोय. दुकानातला पोरगा ट्रॉली जॅक सरकवत आणतो आणि मधोमध फ्लोअरखाली लावायला जातो, पेट्रोल गाड्यांवर हात बसलेला असतो त्याचा. ईव्हीत ती जागा बॅटरीच्या खोक्याची. जॅक लावायचाच झाला तर दाराखालच्या सिलवर मॅन्युअलमधे दाखवलेल्या चार जागीच, पोराला सांगून भागत नाही, स्वतः वाकून बघा.

जॅकशिवाय कसं ते सांगतो. डावीकडचा पुढचा फ्लॅप लावायचा असेल तर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवा, टायरचा मागचा भाग आत जातो आणि कमानीत हात घालायला मस्त जागा होते. उजवीकडच्यासाठी उजवीकडे. स्टिअरिंग फिरवून झालं की गाडी बंद करा, हँडब्रेक, आणि किल्ली खिशात, दुसऱ्याच्या नाही तुमच्या. ईव्ही चालू आहे की बंद हे आवाजावरून कळत नाही, आणि तुमचा हात कमानीत असताना कोणी कौतुकाने आत बसून बटण दाबलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. आधी पाण्याने जागा धुवा, वाळू द्या. लायनरचे स्क्रू काढा (बऱ्याच ठिकाणी स्टार बिटवाले असतात, साधा स्क्रूड्रायव्हर लावून डोकी खराब करू नका), फ्लॅप मधे ठेवा, सगळे स्क्रू आधी सैल लावा आणि मग एकेक करून आवळा. हाताने. ड्रिल मशीनला बिट लावून आवळलं की प्लॅस्टिकचे आटे जातात आणि फ्लॅप पहिल्याच पावसात लोंबायला लागतो. मागच्या चाकांना जागा कमी असते, तिथे बुटका स्क्रूड्रायव्हर लागेल आणि थोडं आडवं पडावं लागेल, जुना टॉवेल ठेवा खाली.

लावून झालं की स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, टायर कुठे घासतोय का बघा. मग घरचे चार जण बसवा आणि एखाद्या खमक्या स्पीडब्रेकरवरून न्या, पुण्यात शोधावा लागणार नाही.

वॉरंटीचं म्हणाल तर बॅटरीची वॉरंटी मडफ्लॅपमुळे जात नाही. पण तुमच्या ड्रिलने जे बिघडलं ते कंपनी भरून देईल अशी आशा ठेवू नका. फ्लॅप सर्व्हिस सेंटरमधे लावून घेतला तर जॉब कार्डावर तशी नोंद मागा. आरटीओची भीती घालणारेही भेटतील, तर आरसी बुकात लिहिलेलं काहीच फ्लॅपमुळे बदलत नाही, तिकडे दुर्लक्ष करा.

आता माझंच. आधीच्या पेट्रोल गाडीला एका दुकानात मी दोन मिनिटांचं काम म्हणून होल मारून फ्लॅप लावून घेतले होते, ७५० रुपयांत सेट आणि मजुरी, लई खूश होतो. दोन पावसाळे गेले आणि दिवाळीत धुताना एक फ्लॅप हलतोय म्हणून काढला, तर वॉशरच्या भोवती रुपयाच्या नाण्याएवढा गंज, बोट लावलं की पापुद्रा सुटत होता. उघड्या पत्र्याला रंग लावायचं त्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं आणि माझ्याही नाही. म्हणून सांगतो, फ्लॅपची कड जिथे रंगाला टेकते तिथे आधी पारदर्शक फिल्मची पट्टी चिकटवा, कारण फ्लॅप आणि बॉडीच्या फटीत चिखल जाऊन बसतो, वाळतो, आणि गाडी हलली की पॉलिशपेपरसारखा घासत राहतो. गणपती झाले, पाऊस ओसरला, की एकदा चारी फ्लॅप काढून मागचा गाळ धुवायचा. रोज बाहेरून पाणी मारून तो निघत नाही.

आणि हो, आधी पडलेल्या टिपक्यांवर टचअप करून मगच फ्लॅप लावा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे तुमची, ॲक्सिलरेटर दाबल्या दाबल्या सगळी ताकद पुढच्या चाकांत येते, मोकळ्या खडीवरून झटक्यात निघालात की ती खडी थेट सिलवर आणि मागच्या फेंडरवर. फ्लॅप निम्मं काम करेल, निम्मं तुमचा उजवा पाय.

प्रश्न : मडफ्लॅपने रेंज कमी होते म्हणतात. आम्ही महिन्यातून दोनदा मुंबईला जातो. (एक वाचक, बाणेर)

उत्तर : शहरात काही कळणार नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ५० ला जेवढा त्याच्या चौपट १०० ला, त्यामुळे फरक पडलाच तर एक्सप्रेसवेवर, आणि तिथेही चाकामागची हवा आधीच गढुळलेली असते, छोट्या फ्लॅपने त्यात अशी किती भर पडणार. त्यापेक्षा निघायच्या आधी टायरची हवा बघा, थंड टायरवर. कमी हवेने जी रेंज जाते त्यापुढे फ्लॅप म्हणजे किस झाड की पत्ती. मात्र ट्रकसारखे रस्त्याला टेकणारे रबरी पडदे लावणार असाल तर मग बोलू.

प्रश्न : गाडीला असेच ट्रकसारखे लांब रबरी फ्लॅप लावलेत, शोभून दिसतात. काही अडचण? (एक वाचक, धनकवडी)

उत्तर : माझ्या मेव्हण्याने लावले होते. सोसायटीच्या बेसमेंटमधे रिव्हर्स घेताना मागचं चाक थांबवायला जो सिमेंटचा कठडा असतो ना, तिथे फ्लॅप कठडा आणि टायरच्या मधे सापडला, टायर त्यावर चढला, आणि पुढे घेताना टायरखालून फ्लॅपबरोबर बंपरचा कोपरा क्लिपांसकट बाहेर आला. आवाज ऐकून वॉचमन धावत आला. कापा थोडे.

प्रश्न : मागच्या फेंडरवर चार्जिंगचं झाकण आहे, पावसात त्यावर चिखलाचा थर बसतो. फ्लॅपने थांबेल? (एक वाचक, भूगाव)

उत्तर : कमी होईल, थांबणार नाही, कारण बराचसा चिखल शेजारून जाणाऱ्या टँकर आणि डंपरचा असतो आणि त्यांच्या चाकांना तुम्ही फ्लॅप लावू शकत नाही. झाकण उघडायच्या आधी ओल्या फडक्याने बाहेरून पुसा, नाहीतर उघडताना तोच चिखल आत पिनांवर पडतो. आत माती गेलीच तर टोकदार काही घालून उकरू नका आणि पाण्याचा प्रेशर तर अजिबात नको, गाडी बंद ठेवून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. चार्जरच्या गनची, म्हणजे गाडीत खुपसायच्या प्लगची, पिनही बघून घ्या, चार्जिंग स्टेशनवर ती बऱ्याचदा जमिनीवर पडलेली असते आणि तिच्यातला चिखल तुमचा नसतो.