सगळंच काढून टाकलं तर लाईट टळेल ना?

डोंबिवलीच्या एका काकूंनी खुर्चीत टेकता टेकताच विचारलं, "मॅडम, सगळंच काढून टाकलं तर लाईट घ्यावी लागणार नाही ना?" बरोबर मुलगी होती, नणंद होती. काकूंचं वय ५४. डाव्या स्तनात वरच्या बाहेरच्या बाजूला २.२ सेंटीमीटरची गाठ. बायोप्सीत कॅन्सर, इआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू हे प्रथिन वाढलेलं नाही). काखेत हाताला काही लागत नव्हतं. सर्जननी दोन्ही मार्ग समोर ठेवले होते: गाठ तेवढी काढून पुढे रेडिएशन (काकूंची लाईट ती हीच; कुणी तिला शेकही म्हणतं), किंवा पूर्ण स्तन काढणं. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न समुपदेशनाच्या खोलीत जवळजवळ रोज येतो. त्यात दोन समजुती एकमेकींत गुंतलेल्या असतात. पूर्ण काढलं की धोका मुळापासून जातो, ही एक. आणि पूर्ण काढलं की शेक चुकतो, ही दुसरी. उत्तर देताना त्या आधी सोडवून वेगळ्या कराव्या लागतात, नाहीतर बाई एकीचं उत्तर दुसरीला लावते आणि चुकीच्या कारणासाठी ऑपरेशन ठरवते.

नणंदेचं मत ठाम होतं. "वहिनी, अर्धवट ठेवून जीव टांगणीला कशाला? माझ्या सासूबाईंची गाठच काढली होती. वर्षात पसरला."

इथे घाईने "तसं नसतं हो" म्हणून उपयोग नसतो. म्हणून आधी विचारलं, "सासूबाईंना नंतर शेक दिला होता का?" नणंदेला आठवेना. मग म्हणाल्या, "गावाला नेलं होतं. जखम भरली, बऱ्या झाल्या म्हणून परत आणलंच नाही." त्यांना काय झालं असेल ते त्यांचे कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि तसं स्पष्ट सांगितलंही. पण स्तन वाचवण्याचं ऑपरेशन आणि रेडिएशन हे दोन उपचार नाहीत, एकाच उपचाराचे दोन भाग आहेत, हे त्या क्षणी तिघींच्याही ध्यानात आलं. दुसरा भाग गाळला तर पहिला अपुरा पडतो.

किती अपुरा पडतो, याचे आकडे जुने आणि भक्कम आहेत. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली १९७६ साली सुरू झालेल्या बी-०६ या चाचणीत १,८५१ स्त्रिया होत्या. चिठ्ठी टाकावी तसे तीन गट पाडले होते: पूर्ण स्तन काढणं, नुसती गाठ काढणं, गाठ काढून रेडिएशन देणं. वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा नुसती गाठ काढलेल्यांपैकी ३९.२ टक्क्यांना त्याच स्तनात कॅन्सर परत आला होता. रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होतं. जगण्याच्या प्रमाणात मात्र तिन्ही गटांत फरक नव्हता. या चाचणीतल्या मॉन्ट्रियलच्या एका केंद्राच्या नोंदींत फेरफार झाल्याचं पुढे उघड झालं. त्या केंद्राच्या रुग्णांना वगळून हिशेब पुन्हा केला, तरी निष्कर्ष तोच निघाला. इटलीत मिलानला उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांवर केलेल्या चाचणीतही वीस वर्षांनी जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं. त्याच जागी कॅन्सर उलटला तो पूर्ण काढलेल्यांपैकी २.३ टक्क्यांना आणि स्तन वाचवून शेक दिलेल्यांपैकी ८.८ टक्क्यांना.

हे आकडे सत्तरच्या दशकातल्या उपचारांचे आहेत, एवढं सांगायलाच हवं. नाहीतर १४ टक्के ऐकून बाई आणखी घाबरते. ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीत २०११ ते २०१४ दरम्यान ४,०९६ रुग्ण घेतले होते. तिथे तीन आठवड्यांचा नेहमीचा शेक घेतलेल्यांपैकी पाच वर्षांत त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर झालेले जेमतेम २ टक्के होते.

मुलीने नेमका प्रश्न विचारला. "त्या जागी परत यायचं प्रमाण जास्त, तरी जगण्यात फरक नाही, हे कसं काय?" कारण जिवाचा धोका स्तनातल्या गाठीमुळे क्वचितच असतो. तो असतो रक्तातून यकृत, फुप्फुस, हाडं यांच्याकडे आधीच निघून गेलेल्या पेशींचा. त्या गेल्या असतील तर स्तन थोडा काढला काय नि पूर्ण काढला काय, त्यांच्यासाठी केमो आणि हार्मोनच्या गोळ्याच लागतात. स्तनात परत आलेला कॅन्सर तपासणीत सापडला तर बहुतेक वेळा पुन्हा काढता येतो. पण एवढ्यावर थांबून "मग शेक नाही घेतला तरी चालेल" असा अर्थ कुणी काढू नये. १७ चाचण्यांतल्या १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये जो हिशेब छापला गेला, त्यात रेडिएशनमुळे दहा वर्षांतलं कॅन्सर उलटण्याचं प्रमाण ३५ वरून १९ टक्क्यांवर आलं आणि पंधरा वर्षांतले स्तनाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू २५.२ वरून २१.४ टक्क्यांवर. ढोबळमानाने, उलटण्याचे चार प्रसंग टळले की एक मृत्यू टळतो.

अलीकडे स्वीडन, नेदरलँड्समधल्या नोंदींवरून स्तन वाचवलेल्या स्त्रियाच जास्त जगतात, असंही दिसलं आहे. समुपदेशनात हा मुद्दा दडपण आणण्यासाठी वापरू नये, असं आमचं मत आहे. त्या अभ्यासांत चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. कुणाला कोणतं ऑपरेशन झालं, यामागे आधीचं आजारपण, वय, घरची परिस्थिती हे सगळं असतं. कितीही हिशेब लावला तरी ते पुरतं वजा होत नाही.

"सुरी लागली की पसरतो" ही नणंदेची दुसरी भीती. तिला हसण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी शरीरात काय घडतं, हा प्रश्न संशोधकांनीही गंभीरपणे घेतला आहे आणि त्यातलं महत्त्वाचं काम मुंबईतच झालंय. परळच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने भारतातल्या केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर एक चाचणी झाली. कापण्याआधी ७ ते १० मिनिटं गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे दात काढताना देतात तसलं बधिरतेचं औषध, ०.५ टक्क्याचं टोचायचं, एवढाच बदल. २०२३ मध्ये निकाल छापून आला: पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण औषध दिलेल्यांत ९०.१ टक्के, न दिलेल्यांत ८६.४. यावरून ऑपरेशन टाळावं असं कुणी म्हणत नाही. ऑपरेशन झालेल्या दोन्ही गटांतल्या बहुसंख्य बायका जिवंत आहेत, हे नणंदेला दाखवलं. ते त्यांनी दोनदा वाचून घेतलं.

काकूंचं मात्र आकड्यांत मन नव्हतं. त्या मध्येच म्हणाल्या, "किती दिवस यायचं?" तिथे खरी गोष्ट बाहेर आली. त्या घरून पोळीभाजीचे चौदा डबे देतात. यजमान निवृत्त आहेत. शेजारणीने सांगितलं होतं, सहा आठवडे रोज जावं लागतं. सहा आठवडे डबे बंद म्हणजे गिऱ्हाईक गेलंच. स्तन काढण्याची तयारी होती ती मरणाच्या भीतीने कमी आणि डब्यांसाठी जास्त.

शेजारणीचं चुकीचं नव्हतं, जुनं होतं. पूर्वी ५० ग्रेचा (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं माप) डोस २५ वेळा विभागून द्यायचे, म्हणजे पाच आठवडे, वर बूस्ट, म्हणजे गाठीच्या जागी जादा डोस. ब्रिटनच्याच स्टार्ट चाचण्यांनंतर ४० ग्रे १५ वेळांत देणं रुळलं. फास्ट-फॉरवर्डमध्ये तर २६ ग्रे पाच वेळांत, एका आठवड्यात दिले आणि पाच वर्षांचे निकाल तीन आठवड्यांच्या तोडीचे आले. एका आठवड्याची पद्धत कुणाला द्यायची हे गाठ, काख आणि केंद्र पाहून रेडिएशनचे डॉक्टर ठरवतात. ती हट्टाने मागायची गोष्ट नाही, पण विचारायची नक्कीच आहे.

मग कागदावर त्यांचा दिवस मांडला. डबे साडेदहाला जातात. दुपारी एकची वेळ मागायची. प्रत्यक्ष किरण दोन-चार मिनिटं, टेबलावर चढण्या-उतरण्यासकट पंधरा-वीस मिनिटं. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांनाही बसता येतं. त्यासाठी रुग्णालयाचं पत्र जवळ ठेवायचं. शनिवार-रविवार सुट्टी. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशन बसतं का, याची चौकशी ऑपरेशनच्या आधी करायची. शेक सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नाही. बाहेरून दिलेल्या किरणांनी अंगात काही उरत नाही, त्यामुळे नातवाला उचलायला, स्वयंपाक करायला हरकत नाही. आणि डोक्याचे केस या शेकाने जात नाहीत. केस जातात ते केमोने.

पूर्ण काढलं तर शेक टळेल का, हा मूळ प्रश्न उरलाच होता. उत्तर: कदाचित टळेल, पण ते ऑपरेशननंतरचा रिपोर्ट ठरवेल. गाठ ५ सेंटीमीटरहून मोठी, काखेतल्या चार किंवा जास्त लसिका गाठींत (लिम्फ नोड) कॅन्सर, कातडीला किंवा छातीच्या भिंतीला चिकटलेली गाठ, यात स्तन काढूनही शेक देतात. अशा एक ते तीन लसिका गाठींत कॅन्सर निघाला तरी त्यावर गंभीरपणे चर्चा होते. म्हणून लाईट चुकवायला स्तन द्यायचा, हा सौदा आधी ठरवता येत नाही. काहींना पूर्ण काढणंच योग्य असतं: स्तनात दूर दूर पसरलेला आजार, छातीला पूर्वी शेक झालेला, काढलेल्या भागाची कड पुन्हा पुन्हा कॅन्सरमुक्त न मिळणं. काहींना सगळं ऐकूनही पूर्णच काढावंसं वाटतं. तोही निर्णय चांगला, फक्त तो खऱ्या माहितीवर घेतलेला असावा.

काकूंनी गाठ काढण्याचं ठरवलं. दुसऱ्यांदा ऑपरेशन लागू शकतं, हे आधीच सांगून ठेवलं होतं. काढलेल्या तुकड्याला बाहेरून शाई लावतात आणि कॅन्सरची पेशी शाईला टेकलेली नसेल तर मार्जिन, म्हणजे कड, मोकळी धरतात. टेकलेली असेल तर त्या बाजूचा आणखी थोडा भाग काढावा लागतो. हे आधी माहीत नसलं की घरचे म्हणतात, डॉक्टर चुकले. काकूंची मार्जिन मोकळी आली. पण काखेतून तपासलेल्या चार लसिका गाठींपैकी एकीत कॅन्सर निघाला. मुलगी रिपोर्ट घेऊन आली तेव्हा म्हणाली, "म्हणजे सगळं काढलं असतं तरी लाईटचा विषय निघालाच असता." निघाला असता. उलट स्तनाला शेक ठरलेलाच होता म्हणून काख पूर्ण साफ करावी लागली नाही. एक-दोन गाठींपर्यंत तसं चालतं, हे एका मोठ्या चाचणीच्या दहा वर्षांच्या निकालांनी दाखवलेलं आहे. काख कमी कापली की हात सुजण्याचा धोकाही कमी होतो. केमोचे चार डोस झाले, त्याचा तपशील इथे नको.

अडखळलं ते भलतीकडेच. शेक नेमका कुठे द्यायचा हे आखण्यासाठी आधी प्लॅनिंगचा स्कॅन करतात. त्याला हात डोक्याच्या वर ठेवून निजावं लागतं. काकूंचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. केमोच्या काळात व्यायाम सुटला होता. स्कॅन दहा दिवस पुढे गेला. असं पुष्कळदा होतं आणि टाळता येतं. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटांनी भिंतीवर कोळ्यासारखं वर चढत जायचं, ओढ बसेल तिथे पाच मोजेपर्यंत थांबायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. काकूंनी ओट्याशेजारच्या भिंतीवर पेन्सिलने रोजची रेघ मारली. नवव्या दिवशीची रेघ मसाल्याच्या फळीच्या वर होती. गाठ डावीकडे असल्याने हृदय किरणांपासून दूर राहावं म्हणून खोल श्वास घेऊन वीसेक सेकंद रोखायचा सरावही याच दिवसांत झाला. तंत्रज्ञांनी छातीवर गोंदणाचे तीन बारीक ठिपके दिले. ते पुसले जात नाहीत.

१५ वेळा स्तनाला, मग गाठीच्या जागी बूस्टचे पाच. तिसऱ्या आठवड्यात कातडी लाल झाली, स्तनाखालच्या घडीत ओल धरली. साधं कोमट पाणी, सौम्य साबण, चोळायचं नाही, टिपायचं. पावडर नाही, हळदीचा लेप नाही, तारेची ब्रा नाही, मऊ सुती कापड. सगळ्यांत जास्त जळजळ शेवटच्या दिवशी नसते, संपल्यावर आठ-पंधरा दिवसांत होते. हे न सांगितलं तर बाई घरी बसून घाबरते. थकवाही तसाच मागाहून येतो. काकूंनी चौदापैकी पाच डबे महिनाभर शेजारणीकडे दिले.

सहा महिन्यांनी व्रणाखाली कडक लागलं म्हणून त्या परत आल्या, पदराआड हात तिथेच दाबून धरलेला. सोनोग्राफीत चरबीचा मेलेला भाग निघाला. ऑपरेशन आणि शेकानंतर असं होतं. तरी नवीन काही हाताला लागलं की दाखवायचंच, स्वतः ठरवायचं नाही. हार्मोनची गोळी रोज सकाळी, डब्यांची कणीक मळण्याआधी. मॅमोग्राफीची तारीख त्यांनी कालनिर्णयवर लाल पेनाने मांडली, त्याच्याच खाली गॅस नोंदवल्याची तारीख.