भोरडीला ‘मेंढपाळ’ का म्हणतात?

प्रश्न : आमच्याकडे दादर (रब्बी ज्वारी) हुरड्यावर आली की भोरड्यांचे थवे उतरतात आणि वडील गोफण घेऊन माळ्यावर चढतात. मुलाच्या पुस्तकात याच पक्ष्याला ‘पळसमैना’ म्हटले आहे, तर एका जुन्या इंग्रजी पुस्तकात ‘रोझी पास्टर’. पास्टर म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू ना? मग पक्ष्याला हे नाव कसे पडले?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : ‘पास्टर’ हा मूळचा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ मेंढपाळ असा आहे, धर्मगुरूला तो नंतर रूपकाने लागला, पक्ष्याला मात्र अगदी शब्दशः लागू पडतो. मेंढ्या चरत पुढे सरकल्या की त्यांच्या खुरांपाशी गवतातले नाकतोडे उडतात आणि ते टिपण्यासाठी हे पक्षी कळपाबरोबर चालत राहतात. ठेलाऱ्यांची मेंढरे रानात चरताना आपण कधी थांबून पाहावे, म्हणजे हे नाव पुस्तकात नव्हे तर कुरणात जन्मले असावे, हे पटेल. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये या पक्ष्याला कस्तुरांच्या प्रजातीत घालून ‘टर्डस रोझियस’, म्हणजे गुलाबी कस्तुर, असे नाव दिले होते. पुढे 1815 मध्ये टेमिंक या डच प्राणिशास्त्रज्ञाने त्याच्यासाठी ‘पास्टर’ ही वेगळी प्रजाती मांडली.

वडिलांचा राग समजण्यासारखा आहे, कारण कणसांवर बसलेला थवा पाहता पाहता दाणे टिपून नेतो. तरीही हाच पक्षी मध्य आशियात वीण घालताना पिलांना मुख्यतः टोळ आणि नाकतोडे भरवतो, आणि चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून त्याच्यासाठी मुद्दाम घरटी बांधली जातात, हेही त्यांना अवश्य सांगावे.

‘पळसमैना’ हे नाव आपल्या मातीतले, आणि मला सर्वांत आवडते. पळस फुलला की हे पक्षी मधासाठी त्याच्या फुलांत चोच खुपसतात, त्या वेळी कपाळाला परागाची पूड लागते आणि ती पुढच्या फुलापर्यंत पोहोचते. हिवाळ्यात पिसांच्या फिकट कडांमुळे त्यांचा गुलाबी रंग मळकट दिसतो; त्या कडा झिजत जातात, तसा फाल्गुन-चैत्रात, परतीच्या तोंडावर, तो खुलतो.