डोळ्यात कुसळ, डोक्यात ठणका

प्रश्न : डॉक्टरसाहेब, वय ३८, यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, पाच एकर कोरडवाहू. पावणेदोन वर्षं झाले, डोक्याची उजवी बाजूच दुखते. डावी एक दिवसही नाही. सोयाबीनच्या वेळी थ्रेशरवर उभी होती, तेव्हा उजव्या डोळ्यात कुसळ गेल्यासारखं झालं. डोळ्याच्या डॉक्टरनं पापणी उलटवून पाह्यली, काहीच निघालं नाही. खुपणं मात्र आजही आहे. अन् आठवड्यातून दोन-तीनदा दुखणं असं चढते, की तोच डोळा लाल होते, पाणी गळते, नाक बंद होते. सासूबाईनं सूर्य निघायच्या आत जिलबी-दूध खाऊ घातलं. एकानं दाढ काढली. सायनसचं औषध झालं, अर्धशिशीचं झालं. आता किराणा दुकानातल्या दोन गोळ्या रोज घेतो, तेव्हा कुठं कापूस वेचाले जाता येते. हे मनाचं आहे काय?

उत्तर : ताई, पत्रात नंबर होता म्हणून फोन करून दोन गोष्टी विचारल्या. दुखणं उतरल्यावर डोकं पुरतं मोकळं होतं का? तुम्ही म्हणालात, “मोकळं डोकं कसं असते, तेच विसरली.” चढल्यावर अंधारात पडून राहता का? “नाही जी, अंगणात येरझारा घालतो.” अर्धशिशीचा रोगी बहुधा अंधार शोधतो, हलायला नको म्हणतो आणि दोन झटक्यांच्या मधे मोकळा असतो.

तुमचं वर्णन जुळतं ते हेमिक्रेनिया कंटिन्युआशी. तीन महिन्यांहून जास्त, एकाच बाजूला, न थांबणारं दुखणं. चढलं की त्याच बाजूच्या डोळ्या-नाकातून पाणी, कधी पापणी जड, जिवाची तगमग. डोळ्यातलं ते न सापडणारं कुसळही यात पुष्कळांना जाणवतं. स्यास्टाड आणि स्पिअरिंग्ज या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९८४ साली याला हे नाव दिलं. गंमत अशी, की ‘हेमिक्रेनिया’ म्हणजे अर्धं डोकं, ‘मायग्रेन’ हा शब्दही तोच झिजून झालेला, आणि अर्धशिशी म्हणजेही अर्धं डोकंच. नावातच गोंधळ! मीसुद्धा एका बाईंना सात महिने मायग्रेनच्या गोळ्या दिल्या. मधल्या वेळेचं विचारलंच नव्हतं.

याची खूण औषधातच आहे. इंडोमेथॅसिन हे वेदनाशामक पुरेशा मात्रेत दिलं, की हे दुखणं पूर्ण थांबतं, बरेचदा थोड्याच दिवसांत. थोडं कमी झालं, असं नव्हे, थांबतं. नाही थांबलं, तर निदान पुन्हा तपासायचं. सुरुवात बहुधा २५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, जेवणानंतर. पुढे मात्रा डॉक्टर वाढवतात, आणि आराम पडला की कमीत कमी किती पुरते ते बघतात. पण ही गोळी पोटाला फार कडक. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, बीपी, वेदनाशामकानं उठणारा दमा किंवा दिवस गेलेले असतील, तर आधी सांगा. सोबत पोटाच्या रक्षणाची गोळी लागते. ही किराण्यातून आणायची वस्तू नाही.

त्याआधी एकदा मेंदूचा एमआरआय हवा, कारण क्वचित गाठ किंवा रक्तवाहिनीचा बिघाडही असंच सोंग घेतो. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मेंदूविकार विभाग आहे, तिथे दाखवा. मधेच एकाएकी भयंकर ठणका उठला, ताप येऊन मान आखडली, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर मात्र तारखेची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

रोजच्या दोन गोळ्यांचं सांगायला लाजू नका. साधी वेदनाशामकंही महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं, तर गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. रिकामी पाकिटं सोबत न्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजपासून रोज खूण करा : नुसतं दुखलं तर एक रेघ, चढलं तर फुली.

आणि तोवर दुसरी दाढ कुणाला काढू देऊ नका.