कायद्याला वित्ताची जोड कधी आणि कुठे द्यावी?

प्रश्न : ताई, मी सोलापूरची. बी.कॉम.नंतर एलएल.बी. केलं आणि गेलं वर्षभर एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर आहे. आमच्याकडे बँकांच्या वसुलीचं काम जास्त. कोर्टात न जाता तारणावर वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२)च्या, म्हणजे थकबाकी भरा म्हणणाऱ्या, नोटिसा मी तयार करते, ताब्यासाठी कलेक्टर कचेरीत कलम १४चे अर्ज लावते. पण नोटिशीतला आकडा बँकेकडून येतो आणि मी तो तसाच उतरवते. तो कसा आला, बँक तडजोडीला कधी तयार होते, कधी नाही, हे मला कळत नाही. ऑक्सफर्डला ‘लॉ अँड फायनान्स’ची एक वर्षाची मास्टर्स असते असं वाचलं. पप्पा म्हणतात, घरावर कर्ज काढू, पण जा. माझं गणित कच्चं आहे. मला जमेल का? याच वर्षी अर्ज करू का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : जमेल. पण याच वर्षी जाऊ नका, आणि घर गहाण टाकून तर अजिबात नको.

आधी हे शिक्षण कशाचं असतं ते सांगते, कारण नावावरून बऱ्याच जणांना वाटतं की बँकिंगचे आणखी चार कायदे पाठ करायचे असतील. तसं नाही. ऑक्सफर्डचा हा अभ्यासक्रम तिथली कायदा विद्याशाखा आणि सईद बिझनेस स्कूल मिळून चालवतात. कायद्याच्या पदवीधरांना तिथे वित्तीय अर्थशास्त्र आणि फायनान्स शिकावं लागतं, आणि कंपन्यांचे व्यवहार कायदा व अर्थशास्त्र या दोन्ही अंगांनी उलगडून दाखवणारा एक विषय असतो. म्हणजे करारातलं कलम वाचायचं आणि त्या कलमामुळे कुणाच्या खिशातून किती पैसे कुठे जातात, हेही मांडायचं.

तुमच्याच कामाच्या जवळचं उदाहरण घ्या. एक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ती घ्यायला दोघे पुढे आले. एक म्हणतो, ८० कोटी आजच देतो. दुसरा म्हणतो, १०० कोटी देतो, पण दरवर्षाच्या शेवटी २० कोटी, असे पाच हप्ते. नुसता कायदा शिकलेला माणूस १००चा आकडा मोठा म्हणेल. पण वर्षाला दहा टक्के व्याजाचा दर धरला, तर पुढच्या पाच हप्त्यांची आजची किंमत भरते ७५ कोटी ८२ लाख. म्हणजे ८०वाला प्रस्ताव सरस. दुसऱ्याचा हप्ता चुकण्याचा धोका तर यात अजून धरलेलाच नाही. सोलापुरात एखादा यंत्रमागवाला एकरकमी तडजोडीऐवजी हप्ते मागतो आणि बँकेचा मॅनेजर मान हलवत नाही, तेव्हा त्याच्या डोक्यात हाच हिशेब असतो. तुम्हाला न कळणारा भाग हाच, आणि तो बारावीच्या गणितापलीकडचा नाही.

वकिलाला हे कशाला हवं, असं तुमचे सीनिअर कदाचित विचारतील. त्याचं उत्तर दिवाळखोरी संहिता, २०१६ मध्ये आहे. कंपनीचं पुढे काय करायचं हे धनकोंची, म्हणजे कर्ज दिलेल्या बँका वगैरेंची, समिती ठरवते, प्रस्ताव मंजूर व्हायला ६६ टक्के मतं लागतात. एस्सार स्टीलच्या प्रकरणात अपिलीय न्यायाधिकरणाने बँका आणि माल पुरवणारे यांना पैशाच्या वाटपात एका पंगतीत बसवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ते रद्द केलं आणि समितीच्या व्यावसायिक निर्णयात न्यायालयांनी आपलं मत घालायचं नाही, हे पक्कं केलं. आर्सेलर मित्तलचा सुमारे ४२ हजार कोटींचा प्रस्ताव त्यामुळे मार्गी लागला. मी मुंबईत कफ परेडच्या एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, नेहमी उभी राहते, आणि माझा अनुभव सांगते : तिथे युक्तिवादाला प्रकरण येतं तोवर खरं भांडण बहुतेक वेळा समितीच्या बैठकीत मिटलेलं असतं. त्या बैठकीत ज्याला आकडे वाचता येत नाहीत, तो वकील टिपणं काढत बसतो. तुम्ही तशा बसू नये असं मला मनापासून वाटतं.

आता ‘याच वर्षी नको’ का म्हणते. मी स्वतः जर्मनीत फ्रँकफुर्टला शिकले. गोएथे विद्यापीठाची इन्स्टिट्यूट फॉर लॉ अँड फायनान्स २००२ पासून आहे. इंग्रजीतून एक वर्षाचं एलएल.एम. फायनान्स, आणि त्यात इंटर्नशिप सक्तीची. युरोपियन सेंट्रल बँक आणि जर्मनीची मध्यवर्ती बँक बुंडेसबँक त्याच शहरात. जाण्याआधी मी मुंबईत काही वर्षं कर्जाचे करारनामे तपासत होते. कर्जदाराने नफा आणि हप्ते यांचं अमुक प्रमाण राखलंच पाहिजे, अशी अट मी कितीदा टाइप केली असेल. ते प्रमाण ढासळलं की बँक हप्ता थकण्याची वाट न बघता आधीच हालचाल करू शकते, आणि म्हणून कर्जदाराचा सीए त्या एका ओळीवर घासाघीस करतो, हे वर्गात उलगडलं तेव्हा मला जुन्या फायलींमधले माणसांचे चेहरे आठवले. शेजारी थेट कॉलेजातून आलेली हुशार मुलं होती. त्यांना सूत्र माझ्या आधी समजायचं, पण विचारायला प्रश्न नसायचे. एक वर्ष फार लवकर संपतं. प्रश्न घेऊन गेलात तरच ते पुरतं.

तुमच्याकडे प्रश्न आहेत, पण ते फक्त वसुलीच्या टोकाचे. कर्ज दिलं जातं ते टोक तुम्ही पाहिलेलं नाही. दोनेक वर्षं पुण्या-मुंबईत अशा ठिकाणी काढा जिथे करारनामे तयार होतात : एखादी लॉ फर्म, बँकेचा विधी विभाग, नाहीतर एखाद्या रिझोल्यूशन प्रोफेशनलचं, म्हणजे दिवाळखोरीतल्या कंपनीचा कारभार तेवढ्यापुरता सांभाळणाऱ्या माणसाचं, ऑफिस. शेवटचं मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे सीए आणि वकील एकाच टेबलावर बसतात आणि तुम्ही दोघांचं बोलणं ऐकता.

गणितासाठी आजपासून एक करा. शेअर बाजारात नोंदलेल्या, तुमच्या माहितीच्या एका कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या. ताळेबंदाखालच्या टिपा वाचा. कर्ज कुणाचं, तारण काय, कोर्टात काय अडकलंय, नातलग कंपन्यांना काय दिलंय, हे सगळं तिथे असतं. मग वरचं पाच हप्त्यांचं गणित एक्सेलमध्ये स्वतः मांडा आणि दर दहाऐवजी चौदा करून बघा. बी.कॉम. झालेल्या मुलीने गणिताला भिण्याचं कारण नाही.

पैशाचं मात्र कठोरपणे बघा. ऑक्सफर्डच्या या अभ्यासक्रमाची नुसती फी पन्नास हजार पौंडांच्या वर आहे. राहणं-खाणं धरून साठ लाखांच्या खाली हिशेब येत नाही. फ्रँकफुर्ट त्या मानाने खूपच स्वस्त. आणि यातली कुठलीही पदवी तुम्हाला तिथली वकील करत नाही. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायला एसक्यूई ही वेगळी परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. एजंट ‘लंडनला नोकरी’ म्हणत असेल तर त्याला हे विचारा. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, म्हणून पप्पा घराचं बोलतात, हे मी समजू शकते. पण आईवडिलांचं राहतं घर अशा कर्जाखाली जाऊ नये, या मताशी मी ठाम आहे. आधी शिष्यवृत्त्या बघा. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच, म्हणजे थांबण्याचा तोही फायदा. मात्र शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे. अनुसूचित जातीतल्या असाल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पाहा.

आणि परदेश जमलंच नाही तर? रसायनीजवळ पाताळगंगेला शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने उभारलेली एनआयएसएम ही शिक्षणसंस्था आहे. मुंबईच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाबरोबर गुंतवणूक आणि रोखे कायद्यातलं एलएल.एम. तिथे करता येतं. भर शेअर बाजारावर आहे, बँकेच्या कर्जांवर कमी. तुमचा ओढा दिवाळखोरीकडे दिसतो, म्हणून मी याला दुसरा क्रमांक देईन. पण भारतातच काम करायचं असेल तर सेबीचे नियम नीट शिकलेली माणसं कमी आहेत आणि त्यांना मागणी आहे.

प्रश्न : मी नाशिकला सीए आहे, प्रॅक्टिसला बारा वर्षं झाली. दिवाळखोरीच्या कामात शिरायचंय. त्यासाठी अशी परदेशी पदवी घ्यावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. कायद्याची पदवी नसल्याने ऑक्सफर्डचं दार तुम्हाला अवघडच. फ्रँकफुर्टला अर्थशास्त्र-वाणिज्यवाल्यांनाही घेतात. पण तुमच्या हेतूसाठी त्याची गरजच नाही. सीए म्हणून दहा वर्षांचा अनुभव असला की तुम्ही आयबीबीआय या दिवाळखोरी नियामकाची मर्यादित दिवाळखोरी परीक्षा (लिमिटेड इन्सॉल्व्हन्सी एक्झॅमिनेशन) देऊन, इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल्सच्या एखाद्या संस्थेचे सदस्य होऊन आणि ठरलेलं प्रशिक्षण घेऊन इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल म्हणून नोंदणी करू शकता. परीक्षेआधी दिवाळखोरी संहितेची कलमं १४, २९अ, ३० आणि ५३ मूळ इंग्रजी मजकुरातून वाचा, गाइडमधून नाही. आणि कुणा अनुभवी माणसाच्या हाताखाली एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करा. कंपनीचा ताबा घेतल्यावर पहिल्या आठवड्यात कामगारांचे पगार आणि विजेचं बिल कुठून द्यायचं, हे तिथेच कळतं.