रूळ काळ्या रेघोट्या का दिसतात?

प्रश्न : शहरातल्या रेल्वे यार्डाचं तैलचित्र करतो आहे, कॅनव्हास ६० × ७५ सेंमी. फटकारे जोमदार हवेत. पण रूळ काळ्या रेघोट्या वाटतात आणि खालच्या अर्ध्या भागात राखाडी चिखल होतो. काय चुकतं?

उत्तर : रुळाला रेघ समजलात, तिथेच घोटाळा झाला. वापरातल्या रुळाचा माथा चाकांनी घासून चकाकतो, त्यात आकाश उतरतं. गंज असतो तो बाजूला. आधी बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) थोडं अल्ट्रामरीन (गडद निळा) कालवून चपट्या ब्रशने बाजूची गडद पट्टी ओढा. ती वाळली की आकाशासाठी केलेलाच फिका रंग नाइफच्या, म्हणजे रंग लावायच्या लवचिक सुरीच्या, कडेवर घ्या आणि माथ्यावर टेकवून उचला. ओढत नेऊ नका. रेघ मध्ये तुटली तर तुटू दे, सलग रेघेनेच रूळ निर्जीव होतो. पडीक मार्गाचा माथाही गंजलेला असतो, त्याला चमक देऊच नका. चालू मार्ग आपोआप उठून दिसेल.

चिखल होतो तो ओल्या रंगावर तोच ब्रश फिरवत राहिल्याने. निळा आणि तांबूस तपकिरी एकमेकांना मारतात. दोन फटकारे झाले की ब्रश पुसायचा, कंटाळा आला तरी. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी) द्या, तो लवकर वाळतो. तिथे आयव्हरी ब्लॅक हा सावकाश वाळणारा काळा वापरलात तर खालचा थर ओलाच राहतो आणि वरचा पुढे तडकतो. वाळलेल्या अंबरवर घट्ट रंग नाइफने आडवा खरवडत नेला की खडी तयार. दगड मोजत बसू नका.

वायरी सर्वांत शेवटी, आकाश वाळल्यावर. रिगर ब्रश घ्या, लांब केसांचा बारीक. रंग सैल करायला टर्पेंटाइन नको, जवसाचं तेल थेंबभर, कारण वरचा थर खालच्यापेक्षा तेलकट हवा. तीन-चार वायरी पुरेत. खांबाशी ठळक, पुढे विरलेल्या.

आणि सगळंच धूसर करू नका. इंग्रज चित्रकार टर्नरच्या १८४४ च्या ‘रेन, स्टीम अँड स्पीड’ या आगगाडीच्या चित्रामध्ये भोवतालचं सारं विरघळलेलं आहे, पण इंजिनाचं काळं धुराडं नेमकं. तुमच्याकडे ते काम लाल सिग्नल करेल. खालचा ओला रंग कॅनव्हासपर्यंत खरवडा, मग शुद्ध कॅडमियम रेडचा एकच ठिपका.

प्रश्न : वार्निश कधी?

उत्तर : जाड थर असतील तर सहा महिने ते वर्षभर थांबा. तोवर तेलाच्या चिंध्यांकडे लक्ष द्या : बोळा करून टाकल्या तर आतल्या उष्णतेने त्या आपोआप पेटू शकतात. उघड्यावर सुट्या पसरून पूर्ण वाळवा, मगच फेका.